पस्तीस-पस्तीस

अप्पा दर दसऱ्याला बल्ब बदलायचे.
गाडी धुवून, झेंडूची माळ हँडलला अडकवायच्या आधी
चांगला पेटता बल्ब काढून नवा बसवायचे,
काचेला बोट न लावता, रुमालात धरून,
प्रेसमध्ये कोरी नोट धरत असतील तसा.

जेल रोडवरचा गांगुर्डे हसायचा.
"अप्पा, जळू द्या की आधी.
जित्या माणसाला कुणी खांदा देतं का?"
अप्पा म्हणायचे, "जळेल तेव्हा तू इथं असशील
आणि मी मोहदरी घाटात."

माझं काम मागे उभं राहायचं.
ते ब्रेक दाबून विचारायचे, "लागला?"
मी ओरडायचे, "लागला!"
नऊ वर्षांची होते. मला वाटायचं
माझ्या ओरडण्यानंच लागतो.
एकदा गंमत म्हणून गप्प राहिले.
त्यांनी सीट उघडली, वायरी सोडवल्या,
उन्हात तासभर एकेक जोड तपासला.
मी खरं सांगितलं नाही.
नंतरही नाही.

आता बॉक्सर माझ्याकडे आहे.
मुसळगावच्या कंपनीत माझं कामच हे,
पट्टा तुटायच्या आधी बदलायचा,
बेअरिंग ओरडायच्या आधी,
वहीत तारीख, खाली सही.
गाडीचं मात्र चालतंय तोवर चालतंय.
आणि अप्पांच्या वेळी डॉक्टर म्हणाले,
थोडं आधी आणायला हवं होतं.
सही करणारी मीच.

बल्बनं तसं सांगितलं होतं.
काच आतून काजळली होती,
खड्ड्यात पिवळा पडायचा, पुन्हा सावरायचा.
आधी लोअर गेला.
महिनाभर अप्परवर चालवली,
समोरचे डोळ्यांवर हात धरून
शिव्या देत गेले. बरोबरच होतं त्यांचं.

मग फेब्रुवारीत, रात्रपाळी सुटल्यावर,
घाटाच्या दुसऱ्या वळणावर अप्परही गेला.
आवाज नाही, काही नाही.
कुणी रस्ता घडी घालून खिशात ठेवावा, तसं.

मागून कांद्याचा ट्रक आला.
हॉर्न दिला नाही. ओव्हरटेक केलं नाही.
दुसऱ्या गिअरमध्ये माझ्या मागे मागे
त्याचा उजेड सोडत राहिला.
उजेड सगळीकडे, फक्त माझ्या पुढ्यात
माझीच सावली लांबच लांब,
तिच्यावरून गाडी चालवत मी शिंदेपर्यंत आले.

टोलजवळ त्यानं खिडकीतून मान काढली.
"ताई, मागचापण बंद आहे तुमचा.
दिसलात ते नशीब. कधीपासून?"

पुढचा गेला की अंधार आपल्याला दिसतो.
मागचा गेलेला
ज्याला दिसायचा त्यानं सांगावा लागतो.
कधीपासून, मला काय माहीत.

घरी माळ्यावर खारकेचा डबा सापडला.
आत बल्ब, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
मोठे अकरा, मागचे छोटे सहा.
प्रत्येकावर चिठ्ठी, अप्पांचं प्रेसमधलं सरळ अक्षर:
दसरा अठ्ठ्याण्णव. चालू.
दसरा नव्व्याण्णव. चालू.
दोन हजार तीन. चालू, थोडा पिवळा.

कानाशी हलवून पाहिले. तार कुणाचीच वाजली नाही.

रविवारी गांगुर्डेचं शटर बंद होतं.
त्याच्याच ओट्याशी बसून मी
अठ्ठ्याण्णवचा पुढे बसवला, रुमालात धरून.
मागे तो पिवळ्या सालचा छोटा.
अंधार पडू दिला.
मग गाडी उलटी घेतली, शटरला पाठ करून,
किक मारली, मान वळवली, ब्रेक दाबला.

शटरच्या पट्ट्यापट्ट्यांवर लाल उतरलं.
सोडला. गेलं.
दाबला.

"लागला," मी म्हणाले,
नऊ वर्षांच्या मानानं फार हळू.

स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला, "काय म्हणालात?"
"काही नाही," म्हटलं. "मागचा."