खालचा काप

भेरूलालनं आठशे मागितले होते.
"एका फांदीचे?" हे म्हणाले,
आणि सुदामानगरातल्या तीन घरांतून
शिडी, करवत आणि सल्ला फुकट आणला.

शिडी मी धरली होती.
आत कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या.
वर चपलेचा झिजलेला तळ,
त्याच्या वर कडुनिंब, निंबाआड विजेची तार,
आणि बत्तीस वर्षं बँकेत
दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेला माणूस
फांदी नेमकी कुठे पडेल
ते मला समजावून सांगत होता.

ती पडलीच नाही.
साल सोलत, बिजागरीवरच्या दारासारखी
शिडीकडे वळली.

मी हात सोडले.
हे कुणाला माहीत नाही.

पंधरा दिवसांनी भेरूलाल आला.
खोडावरच्या लांब, ओल्या ओरखड्यावरून
बोट फिरवत राहिला.
"पहले नीचे से काटते हैं, बाई. थोड़ा-सा.
फिर ऊपर से."
पैशांचं काही बोलला नाही.

आता मनगटात स्टीलची पट्टी आहे.
पोहे डाव्या हातानं खातात,
येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात,
शिडीच हलकी होती.

मी वरून जिरावण भुरभुरते.
जरा जास्तच.