रंधा

ऑगस्टात आमच्या गल्लीत
माणसं घरांना पाणी पाजतात.
झाडांना नाही. झाडांचं झाडं बघतील.
पायापासून हातभर अंतरावर
भोकाभोकांची रबरी नळी,
दिवसाआड, अर्धा तास,
नगरपालिकेच्या नियमात बसेल तेवढंच.
टेक्सासची ही काळी माती
उन्हात मनगट जाईल इतकी उकलते
आणि फेब्रुवारीत फुगते
रात्रभर भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी.
वर घर आहे, हे तिच्या गावीही नसतं.

लुड्विक, तू चौकटीवर पेन्सिलीने लिहायचास.
डावीकडे आयरीनची उंची,
उजवीकडे भेगेची रुंदी.
'सत्त्याऐंशी, सप्टेंबर : डाइम जातं.'
'अठ्ठ्याण्णव : निकेल, तेही सैल.'
आयरीन सोळाव्या वर्षी वाढायची थांबली.
भेग नाही थांबली.
पाऊस झाला की थोडी मिटायची मात्र,
आणि तू म्हणायचास,
बघ अल्बीना, पस्तावलीय.

दार अडलं
की तू ते बिजागऱ्यांवरून उतरवायचास,
अंगणात आडवं टाकून रंधा फिरवायचास.
कुरळ्या ढलप्या कुंपणापर्यंत उडायच्या.
हिवाळ्यात तेच दार सैल,
मग तू खाली पट्टी ठोकायचास,
पुढच्या जुलैत तीही तासायचास.
मी म्हणायचे, नवं आण.
तू म्हणायचास, नवं काय सरळ राहणार आहे?

या मार्चमध्ये एलियुतेरियो आला.
कॉफी नको म्हणाला.
ओट्यावरचा पेकन उचलून जमिनीवर ठेवला,
तो घरंगळत थेट शेगडीखाली गेला.
'बावीस खांब,' म्हणाला, 'खडक लागेपर्यंत.'
आकडा सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

तुझी पिकअप विकली.
सांगायचं राहिलंच होतं.

दोन दिवस घर उचलत होते.
पाव इंच. थांबा.
पाव इंच. थांबा.
कपाटातल्या बश्या कुजबुजल्या,
भिंती कडाकडा बोटं मोडत होत्या,
कोणाच्या नावाने, कोण जाणे.
मी अंगणात तुझ्या खुर्चीवर
मांडीत आपला लग्नाचा फोटो घेऊन,
फुटू नये म्हणून.

संध्याकाळी भेगा मिटलेल्या.
पेकन ठेवला तिथेच राहिला.
एलियुतेरियोने टोपी काढली, घाम पुसला
आणि एकेक दार लावून पाहिलं.
सात दारं. एकही लागेना.
चौकटी काटकोनात,
आणि दारं तू तासलीस तशी,
वर बोटभर फट, खाली कागदही जाणार नाही.
'बाई,' तो ओशाळून म्हणाला,
'घर आता बरोबर आहे.'

नव्या दारांचा भाव त्याने कागदावर लिहून दिला.
तो कागद फ्रिजवर आहे.

रात्री बाथरूमचा दिवा राहिला
तर पलंगावर उजेडाची एक पाचर पडते,
निमुळती, तुझ्या हाताच्या मापाची.
मी दिवा विसरते हल्ली.

नळीही सोडते अजून.
गरज तेवढी नाही, तो म्हणाला, खडकावर आहात.
असेन.
सवय व्हायला वेळ लागेल.

मेमध्ये आयरीन आली, मुलांना घेऊन.
आई, बाथरूमचं दार लागत नाही.
म्हटलं, माहीत आहे.
मग काय करायचं?
आत गेलीस की खोकत राहा.