पालथी

मे महिन्यात मी घरी नसतो.
नागपुरात ज्याला कूलर दुरुस्त करता येतो
तो मे महिन्यात कुणाच्याच घरचा नसतो,
सगळ्यांच्या गच्चीवर असतो.
सकाळी बैरामजी टाऊन, दुपारी रामदासपेठ,
मधे इतवारीत जाऊन खसच्या ताट्या,
आणि खिशातल्या वहीत तक्रारी:
पंप पाणी ओढत नाही.
पंखा खरखर करतो.
हवा येते, पण गार येत नाही.

तुझ्याही तक्रारी तिथंच आहेत, यशू,
त्याच वहीच्या शेवटच्या पानावर,
कारण दवाखान्यात गेलं की मला काही आठवत नाही.
संध्याकाळी सातला रडणं सुरू, साडेनऊला बंद. कारण कळत नाही.
मानेच्या घडीत घामोळ्या.
तीन दिवस शी नाही. मग एकदम.
धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं, हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पावडर नको, सुती झबलं घाला,
दूध पिते, वजन वाढतंय, म्हणजे ठीक आहे.
मी लिहून घेतलं: ठीक आहे.
खाली दोन रेघा मारल्या.

तुझी आजी भंडाऱ्याहून फोनवर म्हणते,
दोन चमचे पाणी पाज वं, पोट्टीचा गळा सुकून राहिला असंल.
डॉक्टरीणबाई म्हणतात, सहा महिने थेंब नाही.
तुझी आई दोघींनाही हो म्हणते
आणि दूधच पाजते.

चौदाव्या आठवड्याच्या इंजेक्शनच्या वेळी
तू आधी सिस्टरच्या बांगड्यांकडे पाहून हसलीस.
ते हसू अर्ध्यात कसं मोडलं
ते मी पाहिलं, आणि पुढचं पाहायला थांबलो नाही,
बाहेर येऊन उगाच गाडीचा आरसा पुसत बसलो.
रात्री ताप. एकशे एक.
ड्रॉपरवरच्या रेघा मी मोबाईलच्या उजेडात तीनदा मोजल्या.
तुझी आई कोमट पाण्याचा कपडा फिरवत होती,
आणि कूलरच्या पात्या भिंतीकडे वळवलेल्या,
अंगावर थेट वारा नको म्हणून.
अख्ख्या शहराला गार करणारा माणूस
स्वतःच्या घरात वारा भिंतीवर आपटत होता.

रोज रात्री चप्पल काढायच्या आधी विचारायचो:
पडली का पालथी?
नाही ना, स्नेहल म्हणायची. कुशीवर होते,
हात खाली अडकतो, मग चिडते.

बुधवारी साडेदहाला लाइट गेली.
मोबाईलचा टॉर्च लावून मी डब्यातली भेंडी शोधत होतो,
आणि उजेडाच्या कडेला तू कुशीवर झालीस.
अडकलीस.
एका पायानं नुसत्याच हवेला ढकललंस
आणि पडलीस की पालथी!
मान वर, हनुवटीवर लाळ,
आणि चेहऱ्यावर, हे कोणी केलं?
मी इतका ओरडलो
की खालून मेश्राम काकू म्हणाल्या, काय झालं बावा?
स्नेहलनं तोंडावर हात ठेवला.
अगं बाई, म्हणाली. खरंच पडली की!

शुक्रवारी काकूंचाच पंप बंद पडला.
कोपरापर्यंत टाकीत हात, मी गाळ काढून राहिलो होतो.
काकू चहा घेऊन आल्या, बोलता बोलता म्हणाल्या,
मंगळवारी दुपारी पडली ना पालथी, तं मी तिथंच होती.
स्नेहल म्हणे, काकू, त्यायले सांगू नका,
ते उन्हात आहेत.

मी गाळ काढत राहिलो.
पंप सुरू झाला, ताटीवर पाणी आलं,
खसचा वास आला.
पैसे घेतले नाहीत. काकू रागावल्या.

घरी तुझ्या लसींच्या कार्डावर, मागच्या कोऱ्या जागेत,
निळ्या पेननं तारीख लिहिलेली होती.
बुधवारची.
काहून हसून राहिले, स्नेहलनं विचारलं.
काही नाही म्हटलं.
ती पलंगावरची गादी ओढत होती.
एक बाजू धरा, म्हणाली,
आता खालीच झोपू आपण.
हिचा काही भरवसा नाही,
ही आता जाते.