गुरुवारी लाइट जाते

गुरुवारी दहाला लाइट गेली.
उल्का मॅडम सोलापूरला, बहिणीच्या साखरपुड्याला.
पेटीतला बल्ब विझला तेव्हा काटा तेहतिसावर होता.
वहीत लिहिलं: ३३. खाली सही, बहिरट.

सरड्याची सतरा पिल्लं. वेताळ टेकडीच्या उतारावरची अंडी होती.
शेपटी सोडली तर करंगळीच्या दीड पेराएवढी.

ही खोली दगडी, उत्तरेकडची.
जानेवारीत ऊन इथे दारातूनच चौकशी करून जातं.
साडेदहाला २६. अकराला २२.
अकरा ही खाण्याची वेळ. म्हणून दिलं,
प्रत्येकाला एकेक बारका रातकिडा, वजन करून.
नियम मी केलेला नाही.

बाराजणांनी तोंड फिरवलं.
आठ नंबरने अर्धा गिळला आणि तसाच थांबला,
ओठाबाहेर दोन मिशा हलतायत,
डोळे मिटलेले.

मॅडम म्हणतात, गारठ्यात भूक मरते,
आणि खाल्लंच तर पोटाला काही सुचत नाही.
किडा आत पडून राहतो, कुजतो.
मग ती ओकून टाकतात, किंवा नाही टाकत.
नाही टाकत, त्यांचा रकाना वेगळा आहे.

फोन नाही लावला.
ट्रे उचलला, दोन जिने चढलो,
टाकीच्या मागे, जिथे कोबा तापतो, तिथे ठेवला
आणि वर जाळी.
शेजारी बसलो. घारी फिरत होत्या.

बराच वेळ काही नाही.
मग चार नंबरने पोट पसरून खाली टेकवलं,
तव्यावर भाकरी टाकावी तसं.
अंग काळवंडवलं. मागोमाग बाकीचेही
उन्हाला आडवे झाले.
आठच्या मिशा आत गेल्या.
गळा हलला, एकदाच.

वहीत लिहिलं, तापमान: गच्ची.

माझा डबा खालीच राहिला होता.
पोरगा बंगळूरला गेल्यापासून मी जेवतो म्हणजे
डबा रिकामा करून घरी नेतो.
शर्टाची वरची दोन बटणं काढली,
उन्हाकडे पाठ केली.

सव्वाला खालून कुणी ओरडलं, आली, आली.
उठलो नाही.

दोनच्या सुमाराला तीन नंबरने घाण केली.
तिळाएवढी काळी, टोकाला पांढरा ठिपका.
कालच्या किड्याची असणार.
तरी बसच्या तिकिटात पुडी बांधून
खिशात ठेवली, मॅडमना दाखवायला,
आणि एकदम कडकडून भूक लागली.