भोंगा वाजला की समुद्र

काकतीच्या पुढं, हायवेला लागून
निळ्या घुमटांचं रिसॉर्ट.
दर तासाला भोंगा वाजतो
आणि समुद्र सुरू होतो, वीस मिनिटं.

भाड्याच्या नायलॉन चड्डीत नागोजीमामा
कमरेएवढ्या लाटेत उभा,
हात जोडून.
मामी काठावरून ओरडते,
‘अहो, बोअरचं पाणी आहे ते!’

रात्री डीजे. एक कानडी, एक मराठी,
आमची रेणू दोन्हीवर तेवढीच नाचते,
चपला हातात घेऊन.

निघताना मामानं वॉचमनला विचारलं,
‘बंद केल्यावर लाटा जातात कुठं?’
‘इल्ले इरतैत्री,’ तो म्हणाला.
इथंच असतंय.

परतीच्या टेम्पोत सगळे झोपलेले.
मामानं अंधारात
एक बोट चाटून बघितलं.
मग दुसरं.