कामठी

सरवटे स्टँडवरून सकाळची बस.
महू सोडलं तेव्हा खिडकीत ऊन आलं.
शेजारच्या बाईनं विचारलं, मानपूरला कोण आहे तुमचं?
म्हटलं, कोणी नाही. धनुष्य घ्यायचंय.
तिनं पदर सावरला
आणि पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

एकसष्टाव्या वर्षी हे काय, ते घरी विचारून झालं होतं.
जावई म्हणाला, सियागंजात मिळतं, फायबरचं,
वॉरंटीसुद्धा देतात.
पाहून आले होते. काचेमागे टांगलेलं,
दवाखान्यातल्या एखाद्या यंत्रासारखं.
मला बांबूचं हवं होतं.
का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हाटात, मिरच्यांच्या ढिगापलीकडे,
कोंबड्यांच्या टोपल्यांना पाठ लावून
थावरिया डावर बसला होता.
पुढ्यात गोणपाट, गोणपाटावर अकरा कामठ्या.
दोरीसुद्धा बांबूचीच, सालीची,
सुताचा एक धागा नाही कुठे.

मी सगळ्यांत उंच उचलली.
त्यानं ती काढून घेतली, रागानं नाही,
मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी.
पहले खींच देखो, म्हणाला, खींच कितनी है आपकी.
खींच. मी मनात त्याचं मराठी केलं.
ओढ किती आहे तुमची, बाई?
तशी चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

दुसरी घेतली. दोरी वीतभर आली आणि अडली.
तिसरीही.
मिरचीवाली हसली, मग तिची मुलगी.
मग त्यानं पाठीमागून एक काढली,
नातीसाठी केलेली. नऊ वर्षांची आहे,
तिला आता लहान पडते, म्हणाला.
ती मात्र आली. थेट हनुवटीपर्यंत आली.

विचारलं, हिनं शिकार होते?
शिकार बंद आहे, तो म्हणाला. पकडतात.
आता लग्नात नवरदेव धरतो, भगोरियात पोरं धरतात,
फोटोवाले येतात ते धरतात.
मग बराच वेळ दोरी चाचपत राहिला.
ससा मिळायचा, म्हणाला.
एवढंच. चव सांगितली नाही.

पुन्हा ओढली, तर माझा अंगठा
बाणाच्या शेपटीला चिकटलेला.
त्यानं तो दुमडला, माझ्याच तळहातात निजवला.
अंगूठा नी. हमारे में अंगूठा नी लगाते.
का?
तो माझ्याकडे बघत राहिला.
वो बात तो आपकी किताब में है, बाईजी.

एकतीस वर्षं मोती तबेल्यातल्या कचेरीत
मी पेन्शनच्या खिडकीमागे बसले.
अंगठा लावा. इथे. अहो, इथे. जरा दाबून.
किती जणांचे तर मीच हातात धरले,
शाईच्या गादीवर फिरवले, कागदावर टेकवले,
आणि माझी बोटं पुसली.
फडकं खिडकीच्या आतल्या बाजूला असायचं.

बाण चार दिले त्यानं. टोकाला लाकडी गोळी.
लोखंडाचं मागितलं तर म्हणाला, अगले साल.
तीनशे सांगितले, तीनशे दिले.
तो जरा खट्टू झाला. घासाघीस करायला हवी होती,
हे बस सुटल्यावर कळलं.
कंडक्टर म्हणाला, हत्यार का आधा टिकट लगेगा,
आणि खरंच फाडलं.

आता संध्याकाळी लोकमान्यनगरच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला जुनी गादी बांधून उभी असते.
पहिला बाण टेंब्यांच्या पापडांत पडला.
दुसरा माझ्याच पायाशी.
तिसऱ्याचं काय झालं ते अजून सापडलं नाही.
चौथा लावते, दोन बोटांनी ओढते,
अंगठा दुमडून ठेवते.
तो पुन्हा पुन्हा वर येतो,
रांगेत नंबर लागल्यासारखा.