मुक्कामी

परभणीच्या लॅबमध्ये मोईननं आठ बाटल्या दिल्या,
पांढऱ्या, डबल झाकणाच्या, वर कागदी पट्ट्यांची डबी.
"मॅडम, प्रत्येकीवर वेळ लिहा. खरी."
बावीस वर्षं वेबिलावर वेळ लिहिते मी.
मान हलवली, पिशवीत भरल्या.

सव्वापाच, गंगाखेड, घर.
गडद. काकवीसारखी.
पट्टी बुडवली तशी पिवळीजर्द: आंबट.

अकरा दहा, पालम.
स्टँडमागच्या संडासाला कुलूप,
किल्ली कंट्रोलरकडं, कंट्रोलर चहाला.
मुंजाजी ड्रायव्हर बाभळीमागं जाऊन आला,
हात झटकत स्टेअरिंगवर बसला.
मी चिल्लर मोजली. पुन्हा मोजली.
पाण्याची बाटली सकाळी भरलेली तशीच,
नुसती जीभ ओली करते तिच्यातून.

तीन चाळीस, लोहा.
डबा खाल्ल्यावरची. फिकी, पट्टी हिरवटली.

डॉक्टर तोष्णीवाल कागदावर रेघ काढून सांगत होते,
चढ, उतार, परत चढ:
जेवल्यावर जरा निवळते, कुशावर्ताबाई,
रात्री मात्र पाणी आटतं, आंबट वाढतं,
क्षार एकमेकांना धरून बसतात.
म्हटलं, म्हंजे मुक्कामी गाडी.
ते हसले नाहीत, त्यांना कळलं नाही.

शेवटच्या गावी, पारापाशी,
दिवे मालवून उभी असते ती रात्रभर
आणि कोंबड्याच्या आधी सुटते.
माझी तेवढी सुटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक सुटली होती.
डबीत ठेवलाय अजून तो खडा,
ज्वारीएवढा, चहूबाजूंनी काटे.
हुबेहूब सराटा.
लहानपणी पायातला थुंकी लावून उपटायचो.
आई म्हणते, सराट्याचाच काढा पी,
त्याला तोच ओळखतो.

दुसऱ्या दिवशी आठही बाटल्या टेबलावर मांडल्या.
पाच भरलेल्या.
तीन कोऱ्या, त्यांच्यावरही वेळ, ठिकाण,
आणि खाली: कुलूप. कुलूप. गर्दी.
मोईननं एक रिकामी उजेडाला धरली.
"ह्या मशीनला चालत नाहीत, मॅडम."
"तू वेळ खरी लिही म्हणालास."
त्यानं तिन्ही रॅकमध्ये लावल्या, ओळीनं,
मग पेन काढून रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं.
काय ते मी विचारलं नाही.

आता रात्री दोनचा गजर लावते.
अंधारात तांब्याभर पाणी, उभ्यानं.
नवरा कूस बदलतो, काहून उठलीस म्हणतो.
ड्युटी, म्हणते मी.
हिचा भत्ता मिळत नाही.